पद्धतीचा फोटो

सुरेखाताईंनी पलंगावरच्या आजींच्या मानेखाली हवा भरलेली स्कूटरची ट्यूब ठेवली, वर प्लास्टिक पसरलं आणि केस धुतले. गादी कोरडी राहिली. आजी डोळे मिटून हसत होत्या.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठीची ही सेवा वाढवायला ताईंना सरकारी अनुदान हवंय. म्हणून नवसंशोधन योजनेचे साहेब पाहणीला आले होते.

"यंत्र कुठंय?"

"यंत्र नाही साहेब, पद्धत आहे."

"पद्धतीचा फोटो कसा काढू, बाई? नाही बसत योजनेत."

ज्याचा खडखडाट होत नाही, ते यांच्या लेखी संशोधनच नाही. माणसाच्या अंगाला हात लावून केलेलं काम म्हणजे अजून नुसतं घरकामच.

जिना उतरताना साहेबांनी हळूच ताईंचा नंबर मागितला. त्यांची आईही अंथरुणावर आहे म्हणे.