न्हाणीकडं वळणारा कॅमेरा

मेंढरं चोरीला जायला लागली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कवठे येमाईच्या आमच्या घरावर मोबाईलवर दिसणारा, मान फिरवणारा कॅमेरा बसवून घेतला. बसवणाऱ्यानं पासवर्ड ठेवला तो गावात सगळीकडं ठेवतो तोच. आप्पांनी तो भावकीत घरोघर सांगितला, पत्रिका वाटावी तसा. एखाद्याला दिला नसता तर तो रुसला असता म्हणे. आमच्याकडं चुलत्याला बघून कडी लावणं म्हणजे त्याचा अपमान. कुलूप असतं ते चोरासाठी.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत याच कामावर आहे. इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, मीटर, यंत्रं परक्याच्या हाती लागू नयेत हे बघायचं. जगाचे पासवर्ड बदलत फिरते आणि माझ्या माहेरी हे असं!

सुटीला गेले तेव्हा वहिनीनं मला गोठ्यात ओढलं. दादा टेम्पो घेऊन आठवडा-आठवडा बाहेर असतो, त्यामुळं सांगणार कुणाला? म्हणाली, कॅमेरा लावलाय मेंढरं कोंडायच्या वाडग्याकडं, पण मी न्हाणीत शिरले की तो मान वळवतोय. न्हाणीला छत नाही आणि दाराला पोतं. ती आता पहाटे अंधारातच अंघोळ उरकत होती. त्या कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आप्पांच्या कानावर घातलं तर म्हणाले, वाऱ्यानं हलत असंल.

वाऱ्यानं! मला शिसारी आली. या कॅमेऱ्याची मान आपोआप वळत नाही, ती फिरवायला कुणाचं तरी बोट लागतं.

पासवर्ड बदलायला मी आप्पांचा फोन मागितला. भावकीला विचारल्याबिगर न्हाई, म्हणाले. मग ओसरीवर चुलते आणि चुलतभाऊ जमले. थोरल्या चुलत्यांनी विश्वासावर लांबलचक ऐकवलं. पोरगी शिकली आन् घरच्यांवरच संशय घ्यायला लागली, असा एकूण सूर. बाकीचे माना डोलवत होते. 

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आली, आणि वर कॅमेरा घरघरला. ती अंगणातून ओसरीकडं निघाली तशी त्याची मान तिच्यामागं वळली. सगळ्यांनी वर पाहिलं. फिरवणारा भावकीतला होता की तोच पासवर्ड माहीत असलेला कुणी परका, कळायला मार्ग नव्हता.  मग आप्पा बोलले, "चहा घ्या, गार होतोय."

वहिनीनं ताट खाली ठेवलं. गोठ्यातनं शेणाचा गोळा आणला, शिडी लावली आणि गोवरी थापावी तसा भिंगावर थापला. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. थोरले चुलते चहा न घेताच उठले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

हात धुताना वहिनीनं विचारलं, "वन्सं, आता बंद झालं न्हवं? आन् आधी दिसलं ते? ते पुसता येतंय ना?"

चित्रं आमच्या घरात राहतच नव्हती. ती कुठल्या तरी कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर जात होती, आणि ज्याच्याकडं पासवर्ड, तो हवं ते उतरवून घेऊ शकत होता. आप्पांच्या खात्यातलं मी पुसलं असतं. लोकांच्या फोनमधलं कसं पुसणार?

"न्हाई, वहिनी," मी म्हणाले. "ते आता आपल्या हातात न्हाई."

तिनं मान हलवली आणि धुतलेले हात पुन्हा धुवायला लागली.