हारुओच्या शेजारणीकडचा चहा

सुनेत्राच्या घराची बेल वाजली की माझ्याच कपाळाला आठी पडायची. मी शनिवारपुरती जाणारी मैत्रीण. ती तर ती बेल रोज ऐकत होती. ग्लासगोत तीस वर्षं काढलेली बाई. नवरा, शशिधरभावजी, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. निवृत्त झाले आणि सहाच महिन्यांत पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं बंद झालं. भरवणं, उठवणं, बसवणं, सगळं हिच्या अंगावर.

त्यात हे जपानी प्रकरण. शेजारच्या घरात हारुओ नावाचा जपानी फुटबॉलपटू तीन वर्षं भाड्याने राहिला होता. २००६ मध्ये खेळ सोडून तो मायदेशी गेला आणि खेळताना नव्हता एवढा इंटरनेटवर गाजायला लागला. ब्लॉग लिहायचा, लाखो लोक वाचायचे. एकदा त्याने ग्लासगोतल्या त्या घराचा फोटो टाकला. झालं! जपानी पोरंपोरी घरापुढे उभं राहून फोटो काढायला येऊ लागली.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण पहिल्याच दिवशी फाटकापाशी कुडकुडणाऱ्या दोन मुली दिसल्या आणि सुनेत्राने त्यांना आत घेतलं. चहा दिला, वर चिवडा. मुलींनी तेही नेटवर लिहिलं, चिवड्याच्या फोटोसकट. मग काय, हारुओचं घर बघायचं आणि शेजारच्या काकूंकडे चहा प्यायचा, असा रिवाजच पडला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"अगं, दार उघडूच नकोस," मी चिडून म्हणायचे.

"एवढ्या लांबून येतात गं. दारातून तसंच पाठवायचं म्हणजे बरं दिसत नाही," असं म्हणत ती आधण ठेवायची.

मार्चमध्ये तिचे पाय सुजले, तेव्हा कुठे ती म्हणाली, "हारुओला ईमेल कर. लिही, माय हजबंड नीड्स रेस्ट, बेलचा त्रास होतो त्यांना."

मी लिहिला. भला माणूस तो. दुसऱ्याच दिवशी त्याने ब्लॉगवर माफी मागितली आणि कृपा करून तिथे जाऊ नका, असं सगळ्यांना कळवलं. आठवड्याभरात बेल थांबली. मला तर हायसं वाटलं.

पुढच्या शनिवारी गेले, तर भावजी बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. बटणं डाव्या हाताने लावलेली, त्यातलं एक चुकलेलं. नजर दाराकडे.

"हे कुठे निघालेत?" मी विचारलं.

"कुठे नाही. पोरं यायची तेव्हाही असेच तयार होऊन बसायचे," सुनेत्रा म्हणाली. "मी चहाच्या गडबडीत. कशासाठी, ते लक्षातच आलं नाही."

भावजींनी तोंड उघडलं. बराच वेळ ओठ नुसतेच हलले.

"पोरं... नाही?"

सात महिन्यांतले त्यांचे पहिले शब्द. मला आनंद झाला, आणि लगेच तो ईमेल आठवला.

सुनेत्रा स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, तर ओट्याला टेकून रडत होती.

"उगाच मनाला लावून घेतेस," मी म्हटलं. "यांच्या विश्रांतीसाठीच केलंस ना?"

"नाही गं. यांना कसलाच त्रास होत नव्हता. दमले होते मी. मला कोणी नको होतं, म्हणून यांचं नाव पुढे केलं."