लॅमिनेट केलेला खेळाडू

"तीन पिढ्यांनी जपलेला संग्रह," असं त्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छापलं होतं. अकोल्याच्या एका वकील घराण्याने म्हणे जपला. प्रत्यक्षात तो संग्रह त्याआधी अमरावतीला माझ्या टिनाच्या शेडमध्ये पडला होता आणि त्याला जपणारे कोणी असतील तर ते उंदीर होते.

मी जुनं फर्निचर विकत घेतो आणि विकतो. सुरुवात सायकलवर झाली. वलगावपासून रद्दी गोळा करत यायचो. त्याच्याही आधी बैलबाजारात एका दलालाच्या मागे फिरायचो. भाव करायला आणि राग आवरायला तिथेच शिकलो. दुसरं अजून नीट आलेलं नाही.

एका बंद पडलेल्या अमेरिकन मिशनच्या बंगल्यातलं सामान मी एकगठ्ठा उचललं होतं. त्यात एक लंगडं टेबल होतं. त्याच्या खणात अल्बम निघाला. अल्बमच्या कप्प्यांत छोटी छोटी कार्डं आणि प्रत्येकावर टोपी घातलेला एक गोरा माणूस, खांद्यावर मुगदलासारखा दांडका. मला वाटलं, तिकडचे पहिलवान असतील. एक कप्पा रिकामा होता.

अकोल्याचे हे निवृत्त वकीलसाहेब तेव्हा माझ्या दुकानात नेहमी यायचे. जुनी पेनं, जुनी घड्याळं बघायचे आणि एखादी वस्तू घेतली तर माझ्यावर उपकार केल्यासारखी घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी अल्बम उघडला आणि लगेच मिटून बाजूला ठेवला. नको असलेली वस्तू माणूस इतक्या घाईने खाली ठेवत नाही. यांना हे हवं आहे, एवढं मला कळलं. किती हवं आहे, ते कळलं नाही.

सौदा मी माझ्या पद्धतीने केला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातावर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. बाजूच्याला काही कळत नाही. वकीलसाहेबांना त्याची फार मजा वाटली. मी शेवटी एक बोट वाढवून मागितलं आणि ते लगेच हो म्हणाले. संध्याकाळभर मी खुशीत होतो. लगेच हो म्हणणाऱ्या माणसाची शंका यायला पाहिजे होती, पण आली नाही.

वर्षभराने एका गिऱ्हाइकाने मला तो कॅटलॉग दाखवला. मुंबईचं लिलावघर, गुळगुळीत कागद, माझा अल्बम. बेसबॉल नावाच्या खेळाची शंभर वर्षं जुनी कार्डं, एका नंबरचं कार्ड कमी, आणि अंदाजे किमतीपुढे इतकी शून्यं की मी ती बोट ठेवून मोजली. मी बायकोच्या फोनवरून अकोल्याला फोन लावला.

"वकीलसाहेब, तीन पिढ्या कोनत्या हो?"

"भाऊ, तसं लिहायची पद्धत असते."

"मंग माहं शेड काऊन नाई लिहिलं?"

"शेड लिहिलं तर भाव येईल का? आणि तुमच्याकडून घेतल्याचा काही कागद आहे?"

दुपट्ट्याखालच्या सौद्याचा कागद मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी फोन आपटला. तो बायकोचा होता, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे लक्षात आणून देण्यात आलं.

पैशाचं मी काही म्हणत नाही. सागवानी कपाटाला वाळवी लागली आहे असं सांगून मीही किती घरांतून स्वस्तात उचलली आहेत, माझी मला माहीत. तो धंदा झाला. पण वस्तू मला सापडली आणि कागदावर ती दुसऱ्याच्या आजोबांनी जपली, हे पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यातून जाईना. मला सापडली, एवढं कोणीतरी कुठेतरी छापायला हवं होतं.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत बायको म्हणाली, "थे लंगडं टेबल तोडा आता, नाईतर मले तरी त्याच्यावर बसवून इका." तोडायला घेतलं, खण पूर्ण बाहेर ओढला, तर मागच्या फटीत एक कार्ड. मुगदलवाला. कार्डाच्या पाठीवरचा नंबर कॅटलॉगमध्ये कमी म्हणून दिलेलाच. मी खाली बसून हसत राहिलो. बायकोने पाणी आणलं.

आता विकायचं कसं, हा प्रश्न होता. आधी त्याच लिलावघराला फोन केला. दवाखान्यात पेशंटशी बोलावं तशा आवाजात एक बाई बोलली. विक्रीतला हिस्सा त्यांचा, फोटोचे पैसे माझे, विमा माझा, वर पुढच्या लिलावापर्यंत काही महिने थांबायचं. मी म्हटलं, अर्ध्यात करा. ती म्हणाली, "सर, आमचे दर ठरलेले आहेत." ठरलेल्या दरात मी आजवर चहासुद्धा प्यायलो नाही. वर म्हणते, हा अल्बम आमच्याकडे अकोल्याहून आला होता, त्या गृहस्थांचं पत्र आणलंत की कार्ड त्यांच्याच घराण्यातलं आहे, तर भाव चांगला येईल. त्या घराण्याने काय करावं ते मी तिला सांगितलं. तिने धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

मग राहिला इंटरनेटवरचा लिलाव. तिथे निदान वर्णन आपलं आपल्याला लिहिता येतं. मी लिहिलं: "अमरावतीच्या फर्निचरवाल्याला स्वतःच्या दुकानात सापडलेलं अस्सल कार्ड. यात कोणत्याही वकिलाचा संबंध नाही." बोली लागू लागली. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी फोन बघायचो. अमेरिकेतले लोक प्रश्न विचारायचे, फोन त्याचं मराठी करून द्यायचा. दर दुसऱ्या माणसाचा प्रश्न एकच: कार्ड प्लास्टिकमध्ये सीलबंद आहे का? सीलबंद असेल तर कितीतरी पट जास्त देऊ. तिकडे म्हणे कंपन्या असतात. कार्ड त्यांच्याकडे पाठवायचं, ते तपासतात, दर्जा ठरवतात आणि टणक डबीत बंद करून देतात. फी घेतात, महिनोन्‌महिने लावतात. मी त्यातलं प्लास्टिक तेवढं ध्यानात ठेवलं. त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं?

आमच्याकडे जे मोलाचं असतं त्याचं माणूस लॅमिनेशन करतो. जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, देवाचा फोटो. तहसील कार्यालयासमोरच्या झेरॉक्सवाल्या बाईकडे गेलो.

"आधार हाये का?" तिने विचारलं.

"नाई, खेळाडू हाये."

तिने न बघता कार्ड मशीनमध्ये सरकवलं. ते गरम होऊन पापडासारखं चकचकीत बाहेर आलं. तिने कडा कापल्या, कोपरे गोल करून दिले. मला फार आवडलं. घरी येऊन नवे फोटो टाकले आणि खाली लिहिलं: सीलबंद केले आहे, कायमचे.

तासाभरात उत्तरं यायला लागली. एकाने विचारलं, ही थट्टा आहे का, गरम प्लास्टिक चिकटवलं की कार्ड संपलं. एकाने नुसते रडके चेहरे पाठवले, ओळभर. एकाने लिहिलं की तो हे बघून उठला आणि बाहेर चालायला गेला. ज्यांनी बोली लावली होती ते एकेक करून मागे फिरले. शंभर वर्षं उंदरांना आणि वाळवीला न जमलेलं काम मी दोन मिनिटांत केलं होतं. शेवटी एकजण टपालखर्चाएवढे पैसे द्यायला तयार झाला. मी लिलाव बंद केला आणि शेडमधल्या एका खुर्चीला लाथ मारली. खुर्ची शिसमची होती, पाय माझा.

"तुमी पाचवीचा निकालबी लॅमिनेट केल्ता," बायको पायाला हळद लावत म्हणाली. "नापास होते तरी."

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांनी ते फोटो पाहिले होते. नमस्कारसुद्धा न करता म्हणाले, "भाऊ, हे काय केलं तुम्ही? फेकू नका. मी येतो."

ते बडनेरा स्टेशनवर उतरून ऑटोने आले. काखेत अल्बम. मी बघतच राहिलो.

"हा तुमच्याजवळच? इकला नाई?"

"नाही विकला. एक कार्ड कमी म्हणून कोणी आमच्या किमतीपर्यंत आलंच नाही. वर फोटोचे आणि विम्याचे पैसे माझ्याकडूनच घेतले."

म्हणजे इतकी वर्षं मी न झालेल्या विक्रीवर जळत होतो. आधी बरं वाटलं. मग एवढा राग फुकट गेला याचं वाईट वाटलं.

त्यांनी कार्ड उजेडात धरलं, चष्मा वर करून पाहिलं. "आता हे बाजारात कोणी घेणार नाही," ते म्हणाले. "पण माझा अल्बम पुरा होईल. मला विकायचा नाही आता. बोला."

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला. त्यांनी ओळखीने हात पुढे केला. मी दुपट्टा टाकला, पण खाली बोट एकही दाबलं नाही.

"आज पैसे नाई पायजे," मी म्हटलं. "लिहून द्या. हे सारं कोनाले सापडलं थे. अल्बमच्या पहिल्या पानावर, अन् एक कागद मले."

त्यांनी दुपट्ट्याखालून हात काढून घेतला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. हे पेनही त्यांनी माझ्याकडूनच नेलेलं होतं. लिहिलं: "माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे."

"थे खोडा," मी म्हटलं.

खोडलं. मग लिहिलं, "अमरावतीच्या एका भंगारवाल्याकडे."

"फर्निचरवाल्याकडे."

"त्या काळी तुम्ही भंगारच घेत होता."

"अन् तुमच्यापाशी तीन पिढ्या कार्डं होती. मी कागद मांगतला काय?"

खोडलं. पुढे "आढळला" की "सापडला" यावर अर्धा तास गेला. "तीन पिढ्या" हे खोटं होतं असं लिहायला ते काही केल्या तयार होईनात. शेवटी "त्यापूर्वी अकोल्यात नव्हता" यावर ठरलं. बायकोने दोनदा चहा केला. वकीलसाहेब म्हणाले, इतकी घासाघीस त्यांनी कोर्टातही केली नव्हती. मला ते बोलणं आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

सही करून त्यांनी कार्ड रिकाम्या कप्प्यात सरकवलं. बसेना. प्लास्टिकची कड आडवी येत होती. मी शिवणाची कात्री आणली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी चारही बाजूंनी कापलं, जितकं जवळून जमेल तितकं. मुगदलवाला आत गेला. बाकीच्या फिक्या पडलेल्यांमध्ये तो एकटाच चकाकत होता.

"खरंच पैसे नको?" दारातून त्यांनी विचारलं.

"तुमची गाडी चुकून राहिली," मी म्हटलं.

ते गेले तसा मी कागद घेऊन तहसीलसमोर गेलो.

"पुन्हा खेळाडू?" झेरॉक्सवाली बाई म्हणाली.

"नाई. वकिलाच्या हातचं हाये. जाड प्लास्टिक लाव."

ती वीस रुपये म्हणाली. मी पंधरा दिले.