सिरियस आणि क्रिटिकल

धम्मपाल सरांच्या हाताखालून गेला नाही असा माणूस रहिमतपुरात शोधायचा तर तुमची दमछाक होईल. पोरं लष्करात गेली, बँकेत गेली, काही नुसतीच वयानं मोठी झाली. पण सर समोरून आले की अजूनही सगळ्यांची जीभ जपून चालते. सरांना चुकीचा शब्द खपायचा नाही. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. टपरीवर कुणी 'टेन्शन आलंय' म्हणालं की सर हातातला कप खाली ठेवून विचारणार, "टेन्शन, की काळजी?" लोक वैतागायचे. पण माणूस सरळ, कधी कुणाला फसवलं नाही, म्हणून ऐकून घ्यायचे.

त्यांचा लाडका पाठ म्हणजे सिरियस आणि क्रिटिकल. इंग्रजीतले हे दोन शब्द आपण मराठीत आणून एकाच दावणीला बांधलेत, याचा त्यांना भारी राग. फळ्यावर मधोमध रेघ ओढायची आणि सुरू. सिरियस चेहरा म्हणजे गंभीर चेहरा. अभ्यासाला सिरियस पोरगी म्हणजे मन लावून बसणारी. लग्नाचं सिरियस आहे म्हणजे थट्टा नाही, खरंच करणार. गुन्हाही सिरियस असतो, म्हणजे भारी. आता रेघेच्या पलीकडे या. सारखी खुसपटं काढणारी सासू, क्रिटिकल. पुस्तक वाचून त्याचं बरंवाईट तोलणारा वाचक, तोही क्रिटिकल, आणि त्यात वाईट काही नाही. मॅचची शेवटची ओव्हर क्रिटिकल, कारण तिथं इकडचं तिकडं होतं. "सिरियस माणूस हसत नाही," सर म्हणायचे, "आणि क्रिटिकल माणूस दुसऱ्याला हसू देत नाही!" वर्ग खिदळायचा. मग आवाज खाली आणून शेवटचं सांगायचे, "दवाखान्यात मात्र कान देऊन ऐका. सिरियस म्हणजे दुखणं मोठं. क्रिटिकल म्हणजे वेळ थोडा." त्यांची लेक पायल पहिल्या बाकावर बसून हेच शिकली.

यंदा मार्चात सरांच्या बायकोला, भामाबाईंना ताप आला. साधा ताप म्हणून घरीच काढला, आणि मग पोटातलं इन्फेक्शन रक्तात गेलं. साताऱ्याच्या दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. बाहेरच्या बाकड्यावर सर आणि भामाबाईंचा धाकटा भाऊ केरू. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "सर, पेशंट सिरियस आहे. आमचे प्रयत्न चालू आहेत."

केरूच्या तोंडचं पाणी पळालं. "दाजी, पायलला बोलवून घ्या. आत्ताच्या आत्ता."

पायल जोधपूरला. नवरा लष्करात, तो सीमेवर. घरात ती आणि तिची मुलगी, मुलीची दहावी चालू. सरांनी फोन लावला. ती रडतच म्हणाली, "पप्पा, निघू का? हिचे दोन पेपर राहिलेत, शेजारणीकडं ठेवते."

"घाई नको," सर म्हणाले. "मी स्वतः ऐकलंय. डॉक्टर सिरियस म्हणाले, क्रिटिकल नाही. वेळ आहे. पेपर होऊ देत, मग दोघी या."

"नक्की ना?"

"मी सांगतोय ना."

ती थांबली. का नाही थांबणार? बापानं आयुष्यात शब्द इकडचा तिकडं केला नव्हता.

रात्री सरांना आत सोडलं. भामाबाईंनी डोळे उघडले. ओठ सुकलेले. "आवं, पायल कवा येती?"

"येईल. पेपर झाले की."

"लय लांब हाय व्हय पेपर?"

"नाही, आता दोनच."

भामाबाईंनी मान हलवली आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत. पहाटे डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, गेल्या.

सर रडले नाहीत. ते डॉक्टरांच्या पुढ्यात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "काल तुम्ही सिरियस म्हणालात. क्रिटिकल कधी झाली?"

डॉक्टर तरुण होते, रात्रभर जागे होते. "सर, आणल्यापासून क्रिटिकलच होत्या. आम्ही दोन्ही म्हणतो हो, बोलण्यात एकच ते. सिरियस म्हटलं की नातेवाइकांना कळतं, म्हणून तसं म्हणतो."

सर बाकड्यावर येऊन बसले. अख्खी हयात ज्या रेघेसाठी भांडले, ती रेघ या दारात कुणी ओढलीच नव्हती. आणि पोरीला थांबवलं कुणी, तर त्यांनी. दुसऱ्या कुणी नाही!

केरूनं डोळे पुसले. "दाजी, पायलला आई गेली म्हणून सांगू नगा. एवढ्या लांबनं यायची, वाटंत काय झालं म्हंजे? सिरियस हाय, निघ, एवढंच म्हणा. आपल्यात तसंच कळवत्यात."

खरंच तसंच कळवतात. माणूस गेला तरी निरोप जातो, 'सिरियस आहे, या.' ऐकणारा समजून जातो, पुढचं विचारत नाही, गुपचूप पिशवी भरतो. केरू म्हणाला, मी लावतो फोन. पण सर म्हणाले, "नको. मीच."

"पायल, आई सिरियस आहे. तू निघ."

तिकडं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग, "पप्पा, नीट सांगा. सिरियस की क्रिटिकल?"

सरांनी केरूकडं पाहिलं. केरू हात जोडून उभा होता.

"सिरियस," सर म्हणाले.

"मग भेटेल मला," पायल म्हणाली. तिचा सुटलेला श्वास सरांना फोनमध्ये ऐकू आला. केरूनं कळवलं असतं तर ती समजली असती हो. पण बापाच्या तोंडून आलेलं तिनं शब्दशः खरं धरलं.

दुपारी ॲम्ब्युलन्स कोरेगावच्या रस्त्याला लागली तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. विमानतळावरून. "गाडीचा आवाज येतोय. कुठं नेताय आईला?"

सरांच्या तोंडून निघून गेलं, "घरी."

"घरी? डिस्चार्ज दिला?" पोरगी हसली की रडली, कळलं नाही. "अगं आई गं! पप्पा, तिला फोन द्या. बोलता येत नसलं तरी चालेल, नुसता कानाला लावा."

केरू फोन घ्यायला पुढं झाला. सरांनी त्याचा हात बाजूला केला, भामाबाईंच्या कानावरची चादर सारली आणि फोन टेकवला. पायलचा आवाज बाहेरही येत होता. "आई, बोलू नकोस. फक्त ऐक. मी निघालेय. रात्री तुझ्यापाशीच झोपणार." मग, "पप्पा, ऐकलं का तिनं?"

"ऐकलं," सर म्हणाले, आणि फोन तसाच तिच्या कानाशी धरून बसले, कारण पायलचं बोलणं अजून संपलं नव्हतं.