कढीपत्त्याशेजारचा पाइन

“अगं, कुठे नेतेस त्याला? गराजमध्ये दूध गोठतं, मरेल ते!”

आमचे हे जिन्यावरून असे ओरडले की शेजारच्यांचा कुत्रा आमच्या वतीने भुंकायला लागला. आमच्या अर्ध्या नेपरव्हिल गावाने टीव्हीचा आवाज कमी केला असणार. मी गराजच्या दारात उभी, हातात कुंडी. कुंडीत वीतभर उंचीचा ब्रिसलकोन पाइन, आणि पाइनला गुंडाळलेली माझी पश्मिना शाल.

मुलगी पश्चिमेकडच्या डोंगरांत याच झाडांचा अभ्यास करते. नोकरीवर जाताना हे रोप देऊन गेली. म्हणाली, तिथे माती नाही, पाणी नाही, वारा नुसता सोलून काढतो. तरी ही झाडं चार-चार हजार वर्षं जगतात. “सो बाबा, इव्हन यू कान्ट किल इट.”

पोरीने बापाला फारच कमी लेखलं.

थंडी पडायला लागली की आमच्याकडे कुंड्यांची वरात आत येते. कढीपत्ता, तुळस, मोगरा. वर झाडं वाढवायचा जांभळा दिवा, बाजूला हीटर. खुर्च्या कुंड्यांना, म्हणून दिवाळीचे पाहुणे उभ्याने फराळ करतात. यंदा वरातीत पाइनसुद्धा! ज्याच्या खापरपणजोबांनी बर्फाची न्याहारी केली, त्याला ह्यांनी हीटरला चिकटून बसवलं. पानांच्या सुया पिवळ्या पडायला लागल्या, तसं पाणी वाढवलं. आणखी पिवळ्या पडल्या, तेव्हा ताक घातलं. कढीपत्त्याला मानवतं म्हणून!

“उद्या फोडणीही द्या,” मी म्हटलं.

“तुला कळतं का झाडांतलं काही?”

कळत नाही, म्हणून मी जिला कळतं तिला विचारलं. गुपचूप मुलीला फोटो पाठवला. तिचा फोन तीन मिनिटांत आला. “आई, ही इज कुकिंग इट! त्याला थंडी हवी असते. आत्ता गराजमध्ये ठेव, बर्फ वितळला की बाहेर. आणि ताक बंद. नाहीतर मरेल.”

म्हणून मी दारात, कुंडी हातात, कानाशी खांद्याने धरलेला फोन चालूच. हे खाली आले आणि फोन माझ्या कानापासून ओढून घेतला.

“अगं, एवढंसं आहे ते. एकटं कसं राहील थंडीत?”

“बाबा, तिथे सगळी एकटीच असतात.”

“तुझ्या खोलीतला हीटर दुरुस्त झाला का?”

“वी आर टॉकिंग अबाउट द ट्री, बाबा.”

“हो, झाडाबद्दलच बोलतोय मी. झाला का?”

“झाला. गेल्याच आठवड्यात.”

ह्यांनी फोन मला परत दिला. मग कुंडी माझ्याकडून घेऊन स्वतः गराजमध्ये ठेवली. शाल काढली, माझी शाल, पण घडी करून खांद्यावर घेतली स्वतःच्या. झाडाला धूर लागू नये म्हणून दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. तो अख्खा हिवाळा मी गाड्यांच्या काचेवरचा बर्फ खरवडला. इतका, की त्यातून आणखी एक डोंगर उभा राहिला असता. माझ्या खांद्याची चौकशी कोणी केली नाही. झाडाची मात्र दिवसातून चारदा.

एप्रिलमध्ये मुलीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“बाबा, हाऊ इज इट?”

“बाहेर आहे. एकटंच, पण हिरवं,” हे म्हणाले.