मावशीने सांगितलेलं नाव

माझ्या उजव्या पायाचा अंगठा आज जागच्या जागी आहे, याचं श्रेय दोघींचं. एक वसईतली डॉक्टर, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. दुसरी पापडी गावची मावशी, जी आमच्या आचोळ्याच्या सोसायटीच्या गेटशी बसून स्वतःच्या वाडीतली भाजी विकते. तिसरी मी, जिने या दोघींच्या मध्ये तोंड शिवून बसण्याचा शहाणपणा केला.

झालं असं, की नवी चप्पल अंगठ्याला चावली. मला मधुमेह. तरी चपलेचं कसलं एवढं कौतुक, म्हणून मी आठवडाभर हळद दाबून फिरले. अंगठा सुजून काळपट झाला तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरने जखम साफ केली, पू तपासायला पाठवला, अँटिबायोटिक लिहून दिलं आणि म्हणाली, "काकू, एकही गोळी चुकवायची नाही. हे चिघळलं तर अंगठा काढावा लागेल. मी घाबरवत नाहीये." घाबरवायचं आणखी काय शिल्लक ठेवलं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मावशीने पट्टी पाहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्यांखालून तिने एक बाटली काढली. आत हिरवट पाणी. "सकालचं उपाशीपोटी अर्धी वाटी घे, बाय. कसलं पानी ते इचारायचं नाय. कोनाला सांगायचं नाय. आन् माजे आभार मानायचे नाय. नायतर गुन जातो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी साताऱ्याकडची. आमच्या गावीही काविळीचं औषध असंच मिळायचं. नाव विचारलं की देणारा उठून आत जायचा. मावशीला हे पाणी तिच्या सासूने दिलेलं, सासूला तिच्या सासूने. तापाला, गळवांना गावातली माणसं तिच्या दारात यायची. तिने कधी कुणाकडून पैसा घेतला नव्हता.

पाणी असं कडू, की घोट घेतल्यावर नवऱ्याशी बोलायचीही इच्छा होईना. तेवढाच त्यांना आराम. गोळ्याही वेळेवर घेत होते आणि पाणीही. म्हटलं, दोन्हींकडून मार बसू दे त्या जंतूंना.

पाचव्या दिवशी सकाळी ड्रेसिंगला गेले आणि दवाखान्याच्या पायरीवरच हातपाय थरथरायला लागले. घामाने ब्लाउज भिजला. डॉक्टरने बोटाला सुई टोचून साखर पाहिली; फारच खाली गेलेली. ग्लुकोज पाजून तिने विचारलं, "गोळ्यांशिवाय काही घेताय? काढा, चूर्ण, घरचं काही?"

"नाही."

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तोंडात अजून कडू चव होती, तरी म्हटलं. वर फणकाऱ्याने म्हटलं, "खोटं कशाला बोलेन मी?"

ती गंभीर झाली. "मग साखर एवढी उतरली ती पायाचं विष अंगात पसरतंय म्हणून, असंच मला धरावं लागेल. दुपारी ॲडमिट व्हा. कदाचित अंगठा ठेवता येणार नाही."

रिक्षातून घरी आले ती रडतच. गेटशी मावशीने थांबवलं. मी सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "डाक्टरला माज्या पान्याचं सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, कुणाला सांगू नको."

मावशीने भाजीवर ओलं गोणपाट टाकलं, वॉचमनला लक्ष ठेवायला सांगितलं आणि त्याच रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसली. वाटेत पापडीला रिक्षा थांबवून वाडीत गेली आणि मुळासकट उपटलेलं एक झाड पदरात घेऊन आली.

डॉक्टरच्या टेबलावर तिने ते झाड ठेवलं. "किराईत," ती म्हणाली. "ह्याचंच पानी मी देते हिला. माज्या हातचा गुन गेला तर जाऊ दे. हिचा पाय ऱ्हायला पायजे."

मला वाटलं, आता दोघींनाही बोलणी बसणार. पण डॉक्टरने उठून मावशीला खुर्ची दिली. किती झाड, किती पाणी, किती उकळते, सगळं विचारून लिहून घेतलं. म्हणाली, "मावशी, जंतूंना अडवण्याचे गुण काही झाडांत असतात. पण यानं साखरही उतरू शकते, आणि ह्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत. दोन्ही मिळून खाली ओढलं असणार. मला कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी थांबवलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यावर मात्र मी रागावणार आहे." रागावलीही, आणि चांगला अर्धा तास.

पाणी बंद झालं. साखर जागेवर आली, दोन दिवस दवाखान्यात ठेवून पाहिलं तरी पुन्हा उतरली नाही, म्हणजे विष पसरलेलं नव्हतं. गोळ्यांचा कोर्स मी शेवटच्या गोळीपर्यंत पुरा केला, पुढे महिनाभर ड्रेसिंग चाललं, आणि अंगठा वाचला.

चालता यायला लागल्यावर मी पापडीला मावशीच्या घरी गेले. ओटीवर एक बाई उभी होती, लेकराच्या गळवासाठी पाणी मागत. मावशी तिला सांगत होती, "माज्या हातात आता गुन नाय, बाय. नाव तोंडातून गेलं. लेकराला डाक्टरकडं ने." बाई गेली. मावशी रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती. माझ्या एका अंगठ्यासाठी तिने काय देऊन टाकलं, ते मला तेव्हा दिसलं. डोळे भरून आले.

मी तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "आभार नाय हां. ती अट हाय अजून."

मग मी खाली वाकले. पाया पडायचं नाही, असं तिने कधी सांगितलं नव्हतं. शेणाने सारवलेल्या ओटीवर तिची भेगाळलेली पावलं होती आणि त्यांच्यासमोर माझी, दहाच्या दहा बोटांची.