आज काळी दोन धरा

बेस गिटार मी मोबाइलवर शिकलो. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, आणि निफाडच्या आमच्या शाळेत पेटीसुद्धा नव्हती. नाशिकला नोकरी लागल्यावर एक जुनी बेस घेतली आणि परदेशातल्या एका मास्तरांचे व्हिडिओ लावून बसू लागलो. इंग्रजी कळलं नाही की मागे नेऊन पुन्हा ऐकायचं. त्या माणसाला माझं तोंडही माहीत नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही.

वसाहतीतल्या भीमगीतांच्या पार्टीतला बेसवाला पुण्याला गेला, म्हणून जयंतीच्या कार्यक्रमाला मला बोलावलं. कीबोर्डवाले दादा म्हणाले, "हा एक कार्यक्रम बघू. नाही जमलं तर माझा डावा हात आहेच." कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर बेस वाजवता येतो, त्यामुळे ती नुसती थट्टा नव्हती.

गायिका ताईंची गायची पट्टी पांढरी तीन, म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की नेमका तोच सूर. त्याच्याच आधाराने मी सगळी गाणी बसवली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ताई गरम पाण्याचा थर्मास घेऊन स्टेजवर आल्या. "घसा बसलाय रे. आज काळी दोन धरा."

म्हणजे अर्धा सूर खाली. दादांनी कीबोर्डचं एक बटण दाबलं, त्यांचं काम झालं. माझ्या बेसवर जाड तारेच्या खाली सूरच नव्हता. वर सरकून वाजवावं, तर व्हिडिओ बघून मी बोटांच्या जागा पाठ केल्या होत्या, सूर नाही.

"लय घाम फुटला भाऊ," ढोलकीवाला म्हणाला. "ऊन तर कवाच गेलं."

मग आठवलं, एका व्हिडिओत मास्तर सुरुवातीलाच खुंट्या सैल करून सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून घेतात. तेवढा भाग मी नेहमी पुढे ढकलायचो.

"दादा, सूर धरून ठेवता का जरा?"

"धरतो, पण लवकर. ताई माइकजवळ गेल्या."

स्पीकरच्या आवाजात मोबाइलवरचा सूर जुळवायचा ट्यूनर भलतंच दाखवत होता. मी गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवली. तेव्हा कुठे तारेचा सूर हाडातून ऐकू आला. एकेक तार उतरवली. शेवटची पुरती जुळली की नाही, कळायच्या आत ढोलकी सुरू झाली.

सैल तारा बोटांखाली थरथरत होत्या. पहिल्या गाण्यात दादांचा डावा हात माझ्या सोबतीला बेस वाजवत होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो हात उठला. मला वाटलं, आता मला थांबवणार. त्यांनी त्या हाताने बाटली उचलली आणि ते निवांत पाणी प्यायले.

सामान आवरताना ताई म्हणाल्या, "रविवारी इगतपुरीला यायचंय हं. तिथं माझा भाऊ गातो."

"त्यांची पट्टी कोणती?" मी लगेच विचारलं.

ताई बसलेल्या घशाने हसल्या. "ते त्यालाही स्टेजवर गेल्यावरच कळतं."